जुन्या 1035 ला भंगारातल्या सामानावर डंपिंग ट्रॉली: अकरा महिन्यांचा अनुभव

आमचा मॅसी 1035 ट्रॅक्टर वडिलांनी 1984 साली घेतला. मागे तेलाच्या दाबानं नांगर उचलणारी लिफ्ट आहे, पण ते दाबाचं तेल बाहेर द्यायची सोय नाही. त्यामुळे शेणखताची ट्रॉली दरवर्षी फावड्यानं रिकामी करायची, दोन गडी आणि एका खेपेला पाऊण तास. पुढे गडी मिळेनासे झाले. नवीन ट्रॅक्टर परवडत नाही आणि हा विकायला मन होत नाही. म्हणून गेल्या दिवाळीआधी ह्याच्याच लिफ्टचं तेल बाहेर काढून ट्रॉली कलवणाऱ्या सिलिंडरला दिलं. तेव्हापासून शेणखत, माती आणि खडी मिळून सव्वादोनशे खेपा झाल्या.

हे करण्याआधी ह्या ट्रॅक्टरचं पोट समजून घ्या. ही हॅरी फर्ग्युसनची रचना, 1946 च्या टीई-20 पासून चालत आलेली. पंप बाहेर दिसत नाही. तो मागच्या हाऊसिंगमध्ये तेलात बुडालेला, चार पिस्टनचा, पीटीओच्या (मागच्या अवजारांना फिरती ताकद देणाऱ्या) शाफ्टवर चालणारा. पीटीओचा लिव्हर टाकल्याशिवाय लिफ्ट उचलत नाही, आणि आमच्यासारखा सिंगल क्लच असेल तर क्लच दाबला की पंप थांबतो. गिअरबॉक्सचं आणि हायड्रोलिकचं तेल एकच. तेल सोडायचं की अडवायचं हे ठरवणारा कंट्रोल व्हॉल्व्ह पंपातच बसवलेला आहे, आणि त्याचं फिटिंग इतकं बारीक असतं की वाळूचा एक कण त्याला अडकवायला पुरतो. तिथे हात घालायचा तर अख्खं लिफ्टचं कव्हर उचलावं लागतं.

पंपातून उभी नळी वर येते आणि सीटजवळ कव्हरवरच्या एका टोपीत तेल देते. तिथून ते लिफ्टच्या सिलिंडरला जातं. ती टोपी काढून तिथे आपला ठोकळा बसवायचा, म्हणजे तेल बाहेर आणता येतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात टर्नरकडून लोखंडी ठोकळा करून घेतला. टोपी काढलीच आहे तर नळीच्या ओ-रिंगा नव्या घाला, दुसऱ्यांदा उघडायची वेळ येऊ देऊ नका.

पहिली चूक मी व्हॉल्व्हमध्ये केली. भंगारात फोर्कलिफ्टचा दोन लिव्हरचा व्हॉल्व्ह स्वस्तात मिळाला. पंपाचं तेल त्यात घातलं आणि त्याच्या परतीच्या तोंडातून लिफ्टला नेलं. वीस दिवस चाललं. एकविसाव्या दिवशी नांगर उचलताना स्पूलच्या (व्हॉल्व्हमधल्या सरकत्या दांड्याच्या) टोकाचं सील उडालं आणि गरम तेलाचा फवारा गिअरच्या केसिंगवर आला. टर्नर मामांनी व्हॉल्व्ह हातात घेऊन बघितला आणि म्हणाले, "बाळ, ही वाट टाकीकडं जायाची हाय. हितं दाब येणारच न्हाई असं धरूनच बनवलीया. तू हिच्यावर नांगर टांगलास." पुढच्या यंत्रणेला दाबाचं तेल द्यायचं असेल तर त्यासाठी व्हॉल्व्हला वेगळं तोंड लागतं. माझ्याकडच्या व्हॉल्व्हला ते नव्हतं.

तसं तोंड असलेला दुसरा व्हॉल्व्ह आणला. ह्या वेळी काही फुटलं नाही, पण लिफ्ट डुलायला लागली. नांगर उचलून ठेवला की जरासा खाली यायचा आणि झटक्यानं वर जायचा, दर सात-आठ सेकंदांनी. जुना स्पूल आतून थोडं तेल सोडत होता, लिफ्टचे हात खाली येत होते आणि ट्रॅक्टरचा कंट्रोल ते पुन्हा वर घेत होता. रस्त्यानं नांगर नेताना पंपाला विसावाच नाही.

शेवटी दोन्ही व्हॉल्व्ह बाजूला ठेवून तीन तोंडांचा उच्च दाबाचा बॉल व्हॉल्व्ह लावला. हा शिरोली एमआयडीसीत भंगारात निघालेल्या एका प्रेसच्या पॉवर पॅकचा. एकीकडे लिफ्ट, दुसरीकडे ट्रॉली. लिफ्टचे हात अर्ध्यावर आणायचे (तेव्हा लिव्हर जिथे असतो ती थांबायची खूण), नळ फिरवायचा, मग ट्रॅक्टरच्याच पोझिशन लिव्हरनं, म्हणजे लिफ्टची उंची ठरवणाऱ्या दांड्यानं, ट्रॉली चालते. लिव्हर वर नेला की चढते, आधीच्या खुणेवर आणला की थांबते, खाली नेला की उतरते. ज्यांना एका बाजूनं दाब लागणारा सिलिंडरच चालवायचा आहे, त्यांनी माझ्यासारखं फिरून यायची गरज नाही, पहिल्यांदाच हा नळ लावा. नळ फिरवताना मात्र लिव्हर थांबलेल्या खुणेवर हवा.

सिलिंडर भंगारातल्या बॅकहो लोडरचा, बोअर (आतला व्यास) 100 मिमी, स्ट्रोक (रॉडची चाल) 700 मिमी. रॉडकडचं तोंड रिकामं ठेवून तिथे ब्रीदर (हवा येण्याजाण्याची जाळी) लावला. पूर्ण उघडायला साडेपाच लिटर तेल लागतं. इंजिन मध्यम वेगावर असताना ट्रॉली 35 सेकंदांत वर जाते. नव्या ट्रॅक्टरच्या मानानं हे संथ आहे, पण फावड्याचा पाऊण तास आठवला की पुरे वाटतं. मीटरवर जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह 160 बारला उघडतो, म्हणजे सिलिंडरचा जोर सुमारे साडेबारा टन. तीन टन ओलं शेणखत कुरकुर न करता उचललं जातं.

सगळ्यात जास्त जीव तेलाला लावा. ट्रॉली उतरताना सिलिंडरमधलं तेल पंपातल्या त्याच बारीक व्हॉल्व्हमधून परत जातं. मी सिलिंडर डिझेलनं तीनदा धुतला होता, तरी 40 तासांनी गिअरबॉक्सचं तेल काढलं तर तळाला काळा गाळ निघाला. सगळं तेल बदललं. मला ते आधीच, पहिल्या दहा तासांत करायला हवं होतं. ट्रॉलीच्या होसचा कपलर (जोड) सोडला की दोन्ही तोंडांना टोपी लावतो, आणि जोडण्याआधी कापडानं पुसतो. तेलाची पातळी ट्रॉली खाली असतानाच बघा. वर असताना भरलंत तर उतरल्यावर साडेपाच लिटर जादा होईल आणि ते ॲक्सलच्या सीलातून ब्रेकवर जाईल.

पावसाळ्यात ब्रीदरमधून पाणी शिरलं आणि रॉडच्या बाजूला आत गंज धरला. आता तिथून नळीचा तुकडा वर नेऊन तोंड खाली वळवलंय. सील किट पुन्हा बदलावं लागलं.

ठोकळा, सिलिंडर, क्रोमिंग, सील, होस, कपलर, तेल असा एकूण खर्च साडेअठरा हजार. फुकट गेलेले दोन व्हॉल्व्ह धरले तर बावीस. होस आणि कपलर नवेच घेतले, होस आत तारेच्या दोन जाळ्यांचा, अर्धा इंची. भंगारातला होस कितीही चांगला दिसला तरी घेऊ नका. तो तुमच्या मांडीशेजारून जाणार आहे. गळती शोधताना हात फिरवू नका, पुठ्ठा धरा. बारीक छिद्रातलं तेल कातडीतून आत घुसतं आणि ते थेट ऑपरेशनचं काम असतं. उचललेल्या ट्रॉलीखाली जायचंच असेल तर आधी टेकू. मी चॅनेलचा टेकू बिजागरीनं चासीलाच वेल्ड करून घेतलाय, म्हणजे तो घरी राहिला अशी सबब उरत नाही.

सध्या सकाळच्या गारठ्यात नळाच्या दांड्याजवळ तेलाचा थेंब जमतो, ट्रॅक्टर तापला की थांबतो. ओ-रिंग आणून ठेवली आहे, उसाच्या खोडव्याचं खत टाकायच्या आधी घालणार. वडील सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत. त्यांनी परवा पहिल्यांदा स्वतः लिव्हर ओढून ट्रॉली रिकामी केली, आणि पुढची खेपही मीच करतो म्हणाले.