फॉरमॅट न मारता हँग होणारा ब्राउझर सुरळीत करणारं गोलाणीतलं दुकान

चार स्टार देतेय. पाचवा का कापला ते खाली आहे.

अमळनेर तालुक्यात माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं छोटं केंद्र आहे. दाखले, पीकविमा, सातबारा, कॉलेजची अ‍ॅडमिशन, जे येईल ते. सगळं पोट ब्राउझरवर, आणि नेमका तोच हँग व्हायला लागला. फॉर्मच्या शेवटच्या पानावर यायचं, शेतकऱ्याच्या मोबाइलवर ओटीपी पडायचा आणि इकडे पान पांढरंफटक, वर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’. तोवर ओटीपीची मुदत संपलेली. समोरचे आप्पा घड्याळ बघत विचारणार, “ताई, मशीन बिघडी गयं का?”

जवळपासच्या दुरुस्तीवाल्यांना विचारलं तर सगळ्यांचं औषध एकच, फॉरमॅट मारून टाकू. म्हणायला सोपं आहे. आमच्या धंद्यात फॉरमॅट मारला की अंगठ्याचा ठसा घेणाऱ्या थम मशीनची आरडी सर्व्हिस (ते मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) परत टाका, डिजिटल सहीच्या पेनड्राइव्हचा, म्हणजे डीएससी टोकनचा ड्रायव्हर परत टाका, प्रिंटर, मराठी फॉन्ट, सगळे पासवर्ड पुन्हा पहिल्यापासून. ऐन मुदतीच्या आठवड्यात हे कोण करत बसणार? आणि एवढं करून आजार म्हशीला, औषध पखालीला झालं तर?

म्हणून सीपीयू पिशवीत घालून सरळ जळगाव गाठलं. गोलाणी मार्केटमध्ये कॉम्प्युटरवाल्यांची कमी नाही, पण या दुकानाच्या भाऊंनी मशीन लावल्यावर आधी एकही स्क्रू खोलला नाही. “काय करताना अडकतं ते माझ्यासमोर करून दाखवा,” म्हणाले. मी नेहमीसारख्या साइट उघडल्या, पीडीएफ चढवली, आणि ब्राउझर अडकला. माउसचा बाण हलत होता, पान मात्र ढिम्म. त्यांनी विंडोजची कळ, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबलं. स्क्रीन क्षणभर काळी झाली, ‘टुंक’ असा आवाज आला आणि पान परत चालू! या कळांनी ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे स्क्रीनवर चित्र दाखवणारी चिप चालवणारं सॉफ्टवेअर, नव्याने सुरू होतो म्हणे. म्हणजे संशय तिकडे. ब्राउझर पान रंगवायचं काम ग्राफिक्स चिपकडे देतो, आणि ड्रायव्हर जुनाट असला की तिथेच गाडी अडते. त्यांनी ड्रायव्हर नवा टाकला. तोवर सेटिंगमध्ये जाऊन ‘हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन’, म्हणजे हेच काम चिपकडे द्यायची सोय, बंद करून फरकही दाखवला.

मला वाटलं, झालं. पण त्यांनी क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबलं. ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर असतो हे मला इतकी वर्षं याच खुर्चीत बसून माहीत नव्हतं. कुठला टॅब किती मेमरी खातोय ते ओळीने दिसतं. त्यात एका एक्स्टेन्शनचा, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेल्या छोट्या सॉफ्टवेअरचा, आकडा पेट्रोल पंपासारखा वर वर चाललेला, आणि मी तर काहीच करत नव्हते. फोटो आणि पीडीएफची साइज कमी करायचं ते फुकटचं एक्स्टेन्शन, आमच्या लाइनमध्ये जवळपास सगळ्यांकडे असतं. त्याची परवानगी भाऊंनी उघडून वाचायला लावली. सगळ्या वेबसाइटवरची माहिती वाचायची आणि बदलायची मुभा! लोकांचे आधार, पासबुकं आम्ही त्याच ब्राउझरवर उघडतो. मेमरीचं सोडा, याच कारणासाठी ते काढायला हवं होतं. आता साइज कमी करायला मशीनवरचंच साधं सॉफ्टवेअर वापरते.

रॅम चार जीबी आहे. क्रोम 2018 पासून सुरक्षेसाठी वेगवेगळ्या साइट वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये ठेवतं, त्यामुळे मेमरी थोडी जास्त लागते, हे त्यांनी समजावून सांगितलं. इथे दुसरा कुणी असता तर लगेच रॅमचं पाकीट फोडलं असतं. हे म्हणाले, “ताई, आज रॅम टाकानी गरज नही. सीझन निघू द्या, मंग बघू.” सेटिंगमधला मेमरी सेव्हर तेवढा चालू करून दिला. मजुरीचे तीनशे रुपये घेतले. माझ्या मते रास्त आहेत, कारण मशीन परत आणल्यावर थम, टोकन, प्रिंटर सगळं जसंच्या तसं होतं. विम्याची मुदत संपेपर्यंत ब्राउझर पुन्हा अडकला नाही.

केंद्रातल्या दुसऱ्या मशीनवर विंडोज 7 आहे, त्याचंही विचारलं. त्याला क्रोमची 109 हीच शेवटची आवृत्ती. 2023 मध्ये 110 आली तेव्हापासून विंडोज 10 किंवा त्यापुढचं लागतं. “त्याच्यावर झेरॉक्सचं स्कॅनिंग करा, बँक उघडू नका,” एवढंच म्हणाले. नवीन मशीन गळ्यात मारायचा प्रयत्न नाही.

आता पाचवा स्टार. दुकानात बसायला स्टूलसुद्धा नाही, काउंटरला टेकून उभं राहायचं. मधेच फोन घेतात आणि फोनवरच दुसऱ्याचं मशीन दुरुस्त करत बसतात, आपण आपले ताटकळत. बिल मागितलं तर वहीचं पान फाडून आकडा लिहून दिला. केंद्राच्या हिशोबाला मला छापील बिल लागतं, ते हवंच असेल तर आधी सांगून ठेवा.

सकाळी लवकर जाऊ नका, शटर उशिरा उघडतं. मॉनिटर, कीबोर्ड न्यायची गरज नाही, त्यांच्याकडे आहे, फक्त सीपीयू न्या. डीएससी टोकन काढून घरीच ठेवा. आणि ब्राउझर नेमका कुठल्या साइटवर, काय करताना अडकतो ते कागदावर लिहून न्या. पहिला प्रश्न तोच विचारतात.