कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतली जॉब फौंड्री : सिलिंडर ब्लॉकचं ओतकाम

चार सिलिंडरच्या बिडाच्या ब्लॉकसाठी ही फौंड्री चांगली, पण ड्रॉइंग देण्याआधी त्यांच्या पॅटर्नवाल्यासोबत (साच्यासाठीचा नमुना बनवणाऱ्यासोबत) तासभर बसाच. खर्च भट्टीत कमी, कागदावरच जास्त ठरतो.

वॉटर जॅकेटचा, म्हणजे सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या पोकळीचा, कोअर (ती पोकळी राखणारा वाळूचा गाभा) बघा. जॅकेट अरुंद ठेवलं की कोअर पातळ होतो, त्याच्या बाइंडरचा (वाळू बांधून ठेवणाऱ्या द्रव्याचा) गॅस बाहेर पडायला वाट उरत नाही आणि जॅकेटच्या वरच्या भिंतीत ब्लो होल (गॅसमुळे राहिलेली पोकळी) येतं. वरून ब्लॉक चकाचक! दोष कळतो प्रेशर टेस्टला, म्हणजे बोअरिंग, मिलिंगचे पैसे घालून झाल्यावर. कोअर सरकला तर एका बाजूची भिंत 5 मिमी, दुसरी 3. इथे ते कोअर प्रिंट (कोअर टेकायच्या जागा) मोठे करायला, व्हेंट (गॅसच्या वाटा) वाढवायला आणि जाड बॉस (बोल्टसाठीचे उंचवटे वगैरे) पोखरायला आपणहून सुचवतात. जाड भाग उशिरा थिजून आत सच्छिद्र राहतो. हा सल्ला फुकट असतो, ऐकावा.

फेटलिंग (ओतलेल्या मालाची साफसफाई) मात्र ढिलं. जॅकेटमधली वाळू नीट झाडलेली नसते, टॉर्च मारून तपासूनच माल उचला.

ॲल्युमिनियम ब्लॉक हवा असेल तर इथे येऊ नका. त्याची प्रेशर डाय (धातू दाबाने भरायचा पोलादी साचा) महाग, ती मोठ्या संख्येवरच परवडते. शिवाय जॅकेट वरून उघडं ठेवलं तरच पोलादी डायमधून सरळ निघतं, बंद डेकला (ब्लॉकचा माथा बंद असेल तर) पुन्हा वाळूचा कोअर आलाच.

दर किलोवर सांगतात. पॅटर्न, कोअर बॉक्सचे पैसे वेगळे, ते आधी लिहून घ्या.