फीत की नजर: काट्याशिवाय जनावराचे वजन

गोठ्यात वजनकाटा नसेल, तर दोन मार्ग उरतात: फितीने माप घेणे किंवा अंगावरील मांस-चरबी पाहून तब्येतीचा अंदाज बांधणे. शेफरच्या सूत्रानुसार छातीच्या घेराच्या वर्गाला लांबीने गुणून ३०० ने भागले की, मापे इंचात असल्यास, वजन पौंडात मिळते. घेर ६५ व लांबी ५६ इंच असलेली गाय सुमारे ७८९ पौंड, म्हणजे ३५८ किलो भरते. मात्र येथे घेराचा वर्ग होत असल्याने फीत एक इंच जरी सैल राहिली, तरी उत्तर ११ किलोंनी फुगते. म्हणून जनावर चारी पायांवर सरळ उभे असताना फीत वशिंडामागून व कोपराच्या लगेच मागून अंगासरशी घ्यावी; लांबी खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या हाडापर्यंत मोजावी.

दुसऱ्या मार्गात, म्हणजे शरीरस्थितीच्या १ (अगदी कृश) ते ५ (अति लठ्ठ) गुणांकनात, बरगड्या, कंबर व शेपटीचे मूळ पाहतात आणि चाचपतात. त्यातून किलो कळत नाहीत (बाजारातले दलाल काहीही म्हणोत), पण व्यालेली गाय खंगते आहे का, हे कळते. जंतनाशकाची मात्रा ठरवताना मी फीतच घेईन. खुराकाचा निर्णय गुणांकनावर सोपवीन. गाभण गायीत मात्र गर्भाचे वजन छातीच्या घेरात उतरत नाही.