"दहाव्या दिवसापासून सुरू करा, ताई"

सव्वीस वर्षं पतपेढीच्या काउंटरवर बसले. खोटी सही, चेकवरची खाडाखोड, मेलेल्या सासऱ्याच्या खात्यातून पैसे काढायला आलेला जावई, सगळं बरोबर ओळखायचे. आणि त्याच मी 24,500 रुपये अशा बाईच्या हवाली केले, जिचं आडनावसुद्धा मला आज सांगता येत नाही. लिहायची लाज वाटते. पण ती बाई अजून कुठल्यातरी दवाखान्याच्या बाकावर बसलेली असणार, म्हणून लिहिते.

डाव्या स्तनाचा कॅन्सर. ऑपरेशन झालं, मग केमो ठरली: दर 21 दिवसांनी एक अशा चार लाल आणि त्यानंतर दर आठवड्याला एक अशा बारा पांढऱ्या. लाल म्हणजे डॉक्सोरुबिसिन, दिसायला थेट रोझ सरबत. पहिले तीन दिवस मी ठणठणीत होते. उलटी होऊ नये म्हणून देतात त्यात स्टेरॉइड असतं, त्याच्या जोरावर रात्री दोनला उठून मी फडताळातले डबे पुसले. सहाव्या दिवशी तोंड आलं. जिभेच्या कडेला, गालाच्या आत, घशापर्यंत. वरणभातातलं मीठसुद्धा झोंबायचं. चमचा तोंडाशी आला की डोळ्यांतून पाणी यायचं, आणि नवरा ते बघून स्वतःचं ताट बाजूला सारायचा.

दहाव्या दिवशी रक्त तपासायला गेले. पांढऱ्या पेशी घसरून 1,900. तिथल्या बाकावर ती भेटली. पन्नाशीची, डोक्याला माझ्यासारखाच सुती स्कार्फ, हातात फाइल. "तोंड आलंय ना? माझंही असंच झालेलं. माझ्या आठ झाल्या, गेल्या महिन्यात शेवटची." मग माझा हात हातात घेऊन बसली. नातेवाईक येतात ते "काळजी करू नकोस" म्हणतात आणि घड्याळ बघतात. ही घड्याळ बघत नव्हती. तिच्या भुवया छान कोरलेल्या होत्या, हे तेव्हाही दिसलं होतं मला. मी मनात म्हटलं, बघ, हिच्या किती लवकर आल्या.

तिनं औषध विकलंच नाही आधी. दोन दिवस फक्त फोन करून चौकशी केली. तिसऱ्या दिवशी "एक वैद्य आहेत, सगळ्यांना देत नाहीत." पावडर आणि काढा, 6,500 रुपये. केमोच्या "दहाव्या दिवसापासून सुरू करा, ताई," असं ती म्हणायची; माझा तेरावा उजाडला होता. पुडकं तिनं सारसबागेत, तळ्यातल्या गणपतीच्या दारात दिलं. देवाच्या दारात खोटं कोण बोलेल, असं वाटणारी पिढी माझी. पैसे यूपीआयनं गेले, नाव भलत्याच पुरुषाचं आलं, "माझा भाचा" म्हणाली. डब्यावर धन्वंतरीचं चित्र होतं. परवाना क्रमांक, बॅच नंबर, मुदत, काही नाही. पतपेढीत पावतीशिवाय मी कुणाला दहा रुपये सोडले नसते!

आणि गुण आला की हो. विसाव्या दिवशी तोंड स्वच्छ, पेशी 5,400. "बघा ताई," ती म्हणाली. मी लगेच मोठा कोर्स घेतला, 18,000. अट एकच होती, डॉक्टरांना सांगायचं नाही, "त्यांना हे पटत नाही."

दुसऱ्या केमोनंतर पावडर चालू असतानाच सातव्या दिवशी पुन्हा तोंड आलं. ती म्हणाली, उष्णता बाहेर पडतेय, डोस दुप्पट करा. केला. अकराव्या दिवशी रात्री हुडहुडी भरली, थर्मामीटरवर 100.8. मी फोन कुणाला केला असेल? हॉस्पिटलला नाही, तिला. "घाबरू नका, सफाई चाललीय. एक क्रोसिन घ्या आणि झोपा."

नवऱ्यानं फ्रीजकडे बोट दाखवलं. पहिल्या केमोला सिस्टरनं दिलेला कागद तिथं चुंबकाखाली महिनाभर लटकत होता: 100.4 किंवा जास्त ताप आल्यास, कोणतीही वेळ असो, ताबडतोब या. साडेबाराला रिक्षा केली. पांढऱ्या पेशी 700 निघाल्या. अशा अंगात साधा जंतूही काही तासांत रक्तात पसरू शकतो, आणि क्रोसिननं ताप उतरवला असता तर घरात कुणाला कळलंही नसतं. चार दिवस अँटिबायोटिकचं सलाइन. त्या रात्रीचा विचार आला की पैशांचं मला काही वाटत नाही.

दुसरी काही औषधं घेता का, असं दाखल करताना विचारलं होतं. मी नाही म्हणाले. सकाळी एसजीपीटीचा, म्हणजे यकृताच्या तपासणीचा रिपोर्ट आला, 286. एरवी साधारण चाळिसाच्या आत असतं. डॉक्टर खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, अगदी हळू आवाजात. मग मी रडले आणि नवऱ्याला डबा आणायला पाठवलं.

ते ओरडले नाहीत. रिपोर्टच्या पाकिटामागे त्यांनी पेनानं एक रेघ काढली. केमोच्या दिवशी वर, मग घसरत सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान तळाला, आणि एकविसाव्यापर्यंत पुन्हा वर. "पेशींचं हे असं असतं. तोंडही साधारण याच रेघेबरोबर येतं आणि बरं होतं. तुम्ही पावडर कधी सुरू केलीत?" तेराव्या दिवशी, म्हटलं. त्यांनी रेघेवर टिंब केलं. टिंबाच्या पुढे चढच होता. नुसतं ताक पीत बसले असते तरी विसाव्या दिवशी तोंड बरं झालं असतं. "दहाव्या दिवसापासून सुरू करा, ताई" ती का म्हणायची, ते त्या पाकिटामागे कळलं. तिचा धंदा आमच्या केमोच्या कॅलेंडरवर चालतो.

पावडरीत काय होतं ते कुणालाच माहीत नाही, आणि डॉक्टरांचा राग त्याचाच होता. लाल औषधाचा निचरा मुख्यतः यकृत करतं. तेच सुजलं तर औषध द्यायचं कसं? तिसरी केमो दोन आठवडे पुढे गेली. आता तोंडासाठी ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, अर्धा चमचा खायचा सोडा, दिवसातून पाच-सहा वेळा गुळण्या, आणि मुलांचा मऊ ब्रश. फुकट म्हणावं असं. हेही त्या फ्रीजवरच्या कागदावर होतंच.

पोलिस चौकीत म्हणाले, तुम्ही स्वखुशीनं दिलेत. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन केला, पण तो पैसे गेल्या गेल्या करायचा असतो, मी पाच आठवड्यांनी केला. अन्न व औषध प्रशासनाकडे अर्ज आणि उरलेला डबा दिलाय. कॅन्सर बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायला 1954 च्या कायद्याखाली बंदी आहे, म्हणूनच बहुधा हे लोक कागदावर काही ठेवत नाहीत, बाकावर बसून कुजबुजतात.

घरी आल्यावर तिला एक शेवटचा फोन केला. रागानं नाही, पतपेढीतल्या आवाजात. लाल केमो झाल्यावर त्या दिवशी लघवी तांबडी-लाल होते. पहिल्या खेपेला मी ते बघून घाबरून किंचाळले होते, नवरा संडासाचं दार ठोकत होता. ज्या बाईनं ती केमो घेतलीय, ती हे विसरणं शक्य नाही. मी विचारलं, "तुम्हालाही चार लालच होत्या ना? मग पहिलीनंतर लघवी कुठल्या रंगाची झाली होती?"

थोडा वेळ नुसता रस्त्यावरचा आवाज ऐकू आला. मग म्हणाली, "पिवळीच ताई, जरा गरम."

मी माझे पैसे मागितले. तेव्हापासून तो नंबर बंद आहे.