ओव्हरवॉच लीग: सहा हंगाम आणि सहा कॅलेंडरे

गेल्या महिन्यात रद्दी बांधायला घेतली तेव्हा माळ्यावरून २०१८ ते २०२३ या सहा वर्षांची भिंतीवरची कॅलेंडरे निघाली. ओव्हरवॉच या संघांनी खेळायच्या नेमबाजीच्या व्हिडिओ गेमची व्यावसायिक स्पर्धा म्हणजे ओव्हरवॉच लीग; तिचे सामने मी या कॅलेंडरांवर पेन्सिलीने टिपत असे. २०१८ च्या पानांवर तारखांच्या चौकटीत जागा उरलेली नाही. २०२० च्या पानांवर लिहिलेले खोडून पुन्हा लिहिले आहे. २०२३ ची बहुतेक पाने कोरी आहेत. ही लीग कशी वाढली आणि का बंद पडली याविषयी पैशांच्या बाजूने बरेच लिहिले गेले आहे. मात्र ही सहा वर्षे जमिनीवर शेजारी शेजारी मांडली तेव्हा एक वेगळीच गोष्ट नजरेत भरली, आणि ती लिहून काढावी असे वाटले. लीगमध्ये संघाची जागा विकत घ्यावी लागे आणि बहुतेक संघांना शहराचे नाव असे, ही तिची फ्रँचायझी पद्धत.

पहिला हंगाम १० जानेवारी २०१८ रोजी सुरू झाला. बारा संघ होते, अंतिम लढत सोडून सगळे सामने लॉस एंजेलिसजवळ बरबँक येथील एकाच सभागृहात होत, आणि बुधवार ते शनिवार रोज तीन याप्रमाणे आठवड्याला बारा सामने होत. तिथले दुपारचे चार म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशीची पहाटेची साडेपाच. आमच्या गल्लीत नळाला पाणीही साडेपाचलाच येते. त्यामुळे उठणे भागच होते. पिंपात पाइप सोडायचा, गॅसवर चहाचे आधण ठेवायचे आणि एका कानात हेडफोन घालून सामना लावायचा; पहिला मॅप (सामन्यातील एक डाव) संपेपर्यंत पिंप भरलेले असे. मार्चमध्ये अमेरिकेतील घड्याळे तासाने पुढे गेली आणि सामने साडेचारला सुरू होऊ लागले, तेव्हा मी गजरही तासाने मागे घेतला. त्या वेळी त्याचे काहीच वाटले नाही, कारण ठरलेले वार आणि ठरलेली वेळ घरातील सगळ्यांनाच पाठ झाली होती.

त्या हंगामात प्रत्येक संघ ४० सामने खेळला. प्रतिस्पर्धी अकराच असल्याने एकेका संघाशी वर्षभरात सरासरी तीन-चार वेळा गाठ पडे, आणि म्हणून न्यूयॉर्कचा जोनॅक झेनयाटा हे पात्र घेऊन कुठे उभा राहतो, फिलाडेल्फियाचा कार्पे कोणत्या कोपऱ्यातून नेम धरतो, हे माझ्यासारख्या नवख्या प्रेक्षकालाही महिन्याभरात ओळखू येऊ लागले. मी शांघाय ड्रॅगन्स हा संघ धरला होता. पहिल्याच दिवशी तो ग्लॅडिएटर्सकडून ०-४ असा हरला आणि पुढे हंगामातील चाळीसच्या चाळीस सामने हरला. २०१८ च्या कॅलेंडरवर त्या चाळीस तारखांना चाळीस फुल्या आहेत. पाणी भरायला उठलेली आई रोज विचारायची, “काय रे, आज तरी जिंकले का तुझे ते चीनवाले?” तिला खेळातले काही कळत नव्हते, तरी तिने हा प्रश्न विचारावा हे त्या ठरलेल्या वेळेनेच घडवून आणले होते. कोणत्याही लीगला जाहिरातीवर खर्च करून असा प्रेक्षक मिळत नाही.

टोकनांविषयी थोडे सविस्तर लिहितो. सामना थेट पाहणाऱ्याला प्रत्येक मॅप संपल्यावर एक लीग टोकन मिळे, आणि संघाच्या रंगातील एका स्किनला (पात्राच्या पोशाखाला) १०० टोकने लागत. पहिल्या हंगामात प्रत्येक सामन्यात चार मॅप खेळले जातच, निकाल आधी लागला तरी. म्हणजे पंचवीस सामने बसून पाहिले की एक स्किन पदरात पडे. त्याच हंगामात ३० डॉलरांच्या आसपास किंमतीचा एक पास विक्रीला आला होता. त्या वेळच्या भावाने ते जवळजवळ दोन हजार रुपये होत होते, आणि तेवढे खर्च करणे मला पटले नाही. पंचवीस पहाटा मात्र मी आनंदाने दिल्या. शांघायच्या लाल-काळ्या रंगातील ट्रेसर या पात्राची स्किन मिळाली त्या दिवशी कॅलेंडरवर १०० हा आकडा लिहून त्याला चौकट केलेली आहे. पाहणाऱ्याचा वेळ हेच चलन मानणारी ही व्यवस्था मला अजूनही लीगमधील सर्वांत प्रामाणिक योजना वाटते, कारण काटकसर करणाऱ्या माणसालाही तिने बाहेर ठेवले नाही.

दुसऱ्या हंगामात लीग वाढली. २०१९ मध्ये आठ नवे संघ आले आणि एकूण वीस झाले. अटलांटा, पॅरिस, टोरोंटो, व्हँकूव्हर, वॉशिंग्टन यांच्याबरोबर चेंगडू, ग्वांगझू आणि हांगझू ही चीनमधील तीन शहरेही आली. प्रत्येकाचे सामने ४० वरून २८ झाले. खेळाडूंवरचा भार कमी करण्यासाठी ते आवश्यकच होते आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण वीस संघांत २८ सामने वाटले की अनेक प्रतिस्पर्धी वर्षातून एखाददुसऱ्या वेळीच समोर येतात, आणि जुने वैर मुरायला वेळच मिळत नाही. शनिवार-रविवारचे सामने तिथल्या दुपारकडे सरकल्याने आपल्याकडे मध्यरात्र उलटून जाऊ लागली. माझ्या कॅलेंडरवरच्या खुणा इथूनच विरळ व्हायला लागतात. शनिवारच्या सकाळी दाट, रविवार-सोमवारी जवळजवळ नाहीत.

तरीही २०१९ हे माझे सर्वांत आवडते वर्ष आहे. २३ फेब्रुवारीच्या चौकटीत एकच शब्द लिहिला आहे: “जिंकले”. मागच्या हंगामासह सलग ४२ पराभवांनंतर शांघायने बॉस्टनला हरवले होते. मी स्वयंपाकघरात जाऊन आईला सांगितले. तिने हातातील तांब्या खाली ठेवला आणि देवापुढे साखर ठेवली. जुलैमध्ये याच संघाने तिसऱ्या टप्प्याची अंतिम लढत सॅन फ्रान्सिस्को शॉकविरुद्ध ४-३ अशी जिंकली, तीही अशा काळात, जेव्हा तीन टँक (मार झेलणारी पात्रे) आणि तीन सपोर्ट (साथीदारांना सावरणारी पात्रे) ही ‘गोट्स’ नावाची रचना जवळजवळ प्रत्येक संघ खेळत होता आणि शांघाय मात्र नेमबाज पात्रे घेऊन उतरत होता.

इथे मला माझे जुने मत बदलावे लागत आहे. त्या जुलैत, हंगाम चालू असतानाच, दोन टँक, दोन डॅमेज (म्हणजे नेमबाज), दोन सपोर्ट अशी सक्ती चौथ्या टप्प्यापासून लागू झाली. तेव्हा मला ते अतिशय चुकीचे वाटले होते. ज्या संघांनी सात महिने एका रचनेवर मेहनत घेतली त्यांना मध्येच नियम बदलून अडचणीत आणणे अन्यायाचे आहे, असे मी मित्रांना तावातावाने सांगत असे, आणि लीगला याच धरसोडीने संपवले असे २०२३ पर्यंत मानत होतो. पण कॅलेंडर वेगळेच सांगते. त्या चौथ्या टप्प्यात माझ्या खुणा अधिक दाट आहेत. नियम बदलले म्हणून मी पाहणे सोडले नव्हते. उलट, नवे काय होते ते पाहायला मी जास्त वेळा उठलो होतो. हंगामाच्या शेवटी, २९ सप्टेंबरला फिलाडेल्फियात, शॉकने व्हँकूव्हरला ४-० असे हरवून विजेतेपद मिळवले ते याच नव्या नियमाखाली, आणि गोट्स रचनेतही शॉक हा सर्वोत्तम संघांपैकीच होता; म्हणजे चांगला संघ नियमबदलानेही बुडाला नाही. तेव्हा मैदानातील बदलांवर ठेवलेला दोष मी मागे घेतो.

खरा तुटवडा २०२० च्या पानांवर दिसतो. त्या हंगामापासून संघांनी आपापल्या शहरांत सामने भरवायचे, प्रत्येकाने किमान दोन आठवडाअखेर यजमानपद सांभाळायचे, अशी मोठी योजना होती. शहराच्या नावाने संघ काढायचा आणि त्या शहराला सामनाच दाखवायचा नाही, हे किती वर्षे चालणार, हा प्रश्न रास्त होता. २०१९ मध्ये डॅलस, अटलांटा आणि लॉस एंजेलिस येथे घेतलेल्या सामन्यांना गर्दीही चांगली झाली होती. ८ फेब्रुवारीला न्यूयॉर्क आणि डॅलस येथून सुरुवात झाली. चीनमधील सामने साथीमुळे त्याआधीच रद्द झाले होते, आणि मार्चमध्ये बाकीचेही रद्द होऊन सगळे ऑनलाइन गेले. या आपत्तीत लीगचा काहीच दोष नव्हता. तिने थोड्याच आठवड्यांत खेळ पुन्हा उभा केला, त्याचे मोल मी कमी करणार नाही. पण नेमक्या त्याच वर्षी प्रक्षेपण ट्विच या संकेतस्थळावरून यूट्यूबवर गेले, मॉन्टे आणि डोआ ही समालोचकांची जोडी निघून गेली, आणि हंगामाच्या सुरुवातीचे काही महिने सामना पाहून टोकन मिळण्याची सोयही नव्हती. ती पुढे त्याच वर्षी परत आली. दरम्यान सामन्याची वेळ, ठिकाण, आवाज आणि पाहिल्याचा मोबदला, ही चारही ओळखीची चिन्हे एका वर्षात गेली होती. माझ्या कॅलेंडरवर एप्रिलच्या एका आठवड्यात एकाच सामन्याची वेळ तीनदा खोडलेली आहे. पाणी साडेपाचलाच येत राहिले, पण त्या वेळी लावायला सामना असेलच याचा भरवसा उरला नाही.

या जागी मला आयपीएल आठवते. २००९ मध्ये निवडणुकांमुळे अख्खी स्पर्धा ऐनवेळी दक्षिण आफ्रिकेत गेली, पण सामने भारतीय प्रेक्षकाला सोयीच्या वेळी ठेवले गेले, म्हणून घरातील टीव्हीसमोरची संध्याकाळ मोडली नाही. जागा बदलली तरी वेळ सांभाळता येते, याचे ते उदाहरण आहे. ओव्हरवॉच लीगचा प्रेक्षक लॉस एंजेलिसपासून सोलपर्यंत विखुरलेला असल्याने तिला हे कितीतरी अवघड होते, हेही मी मान्य करतो.

२०२१ चा हंगाम मी दुरूनच पाहिला. लीग पूर्व आणि पश्चिम अशा दोन भागांत विभागली गेली, प्रत्येकाचे सामने १६ वर आले आणि वर्ष चार छोट्या स्पर्धांत वाटले गेले. त्यात एक गोष्ट मात्र मनापासून आवडली: अमेरिकेतील पात्र संघ हवाई बेटांवर जाऊन तिथल्या विद्यापीठातून खेळत, म्हणजे समुद्राखालच्या केबलमार्गे टोकियोतील सर्व्हरशी जोडले जाऊन आशियातील संघांशी बऱ्यापैकी बरोबरीच्या पिंगवर (सर्व्हरकडून उत्तर यायला लागणाऱ्या वेळेवर) लढता येई. मर्यादेत राहून शोधलेला असा उपाय मला संघटकांच्या सगळ्या घोषणांपेक्षा मोठा वाटतो. त्याच वर्षी लॉस एंजेलिस व्हॅलियंट हा संघ चीनमधून, पूर्णपणे चिनी खेळाडू घेऊन खेळला आणि सोळाही सामने हरला. शहराचे नाव आता नुसते नाव उरले होते. आणि त्याच वर्षी, २५ सप्टेंबरला, शांघाय ड्रॅगन्सने अटलांटाला ४-० असे हरवून विजेतेपद मिळवले. २०१८ चे खेळाडू एव्हाना संघात नव्हते. तरी चाळीस फुल्यांचे पान काढून मी आईला दाखवले. ती म्हणाली, “मग आता तरी नीट झोप.”

पैशांबद्दल थोडक्यात. सुरुवातीला लीगमधील एका संघाच्या जागेची किंमत दोन कोटी डॉलर असल्याच्या बातम्या होत्या. २०२१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सरकारी विभागाने ओव्हरवॉच बनवणाऱ्या अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझार्डवर कामाच्या ठिकाणच्या भेदभावाबद्दल खटला भरल्यावर काही प्रायोजक मागे हटले. जानेवारी २०२३ मध्ये चीनमधील परवाना संपून तिथे खेळच बंद झाला. शेवटी संघांनी पुढे जायचे नाही असे ठरवले तर प्रत्येकाला ६० लाख डॉलर देण्याची तरतूद झाली, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये तसेच घडले.

२०२२ मध्ये ओव्हरवॉच २ आले, सहाऐवजी पाच खेळाडू झाले, एक टँक कमी झाला. खेळ म्हणून मला तो बदल पटला. डॅलस फ्युएलने शॉकला ४-३ असे हरवलेला अनाहाइममधील अंतिम सामना मी पाहिलेल्या सर्वोत्तम लढतींपैकी आहे, आणि तो मी कॅलेंडरवर आधी टिपलाच नव्हता, मित्राने फोन केला म्हणून लावला. २०२३ मध्ये चेंगडू बाहेर पडले, पॅरिसचा संघ वेगासचा झाला, फिलाडेल्फियाचा संघ सोलला गेला आणि सोलच्या नावाचेही दोन संघ झाले. त्या वर्षीची माझी शेवटची खूण १ ऑक्टोबरची आहे: टोरोंटोत फ्लोरिडा मेहेमने ह्यूस्टनला ४-० असे हरवले.

२०२४ पासून ओव्हरवॉच चॅम्पियन्स सिरीज ही खुल्या पात्रतेची स्पर्धा सुरू झाली आहे. तिच्यात जागेची किंमत नाही, आणि कुणीही संघ बांधून पात्रता फेरीत उतरू शकतो. हे मला आवडते. नव्याने पाहायला बसणाऱ्याने मात्र जुन्या लीगचे दोन सामने क्रमाने शोधून पाहावेत: शांघाय-बॉस्टन, फेब्रुवारी २०१९, आणि शांघाय-अटलांटा, सप्टेंबर २०२१. सहाही कॅलेंडरे मी रद्दीतून काढून परत माळ्यावर ठेवली आहेत.