कॉलेजचा बडी प्रोग्राम: नाव नक्की द्या, पण लवकर संपतो हे धरून चाला

ज्या भागात आपल्याला काळं कुत्रंही ओळखत नाही अशा ठिकाणी शिकायला जाणार असाल तर हे वाचा. हल्ली बऱ्याच कॉलेजांत बाहेरून आलेल्या पोरांसाठी बडी प्रोग्राम असतो, म्हणजे एक सीनियर आणि त्याच्या गळ्यात मारलेले पाच-सहा ज्युनियर, फी वगैरे काही नाही, फक्त ॲडमिशनच्या वेळी फॉर्म भरायचा. मी भरला होता. कॉलेजचं नाव टाकत नाही, तशी गरजही नाही कारण इकडून तिकडून सगळीकडे साचा तोच दिसतो. माझ्याकडून ५ पैकी साडेतीन स्टार, अर्धा स्टार का कापला आणि उरलेला एक का कापला ते खाली येईलच.

सुरुवातीचे व्हिडिओ कॉल ठीकठाक. हॉस्टेलला काय आणायचं, कुठला कागद कुठल्या खिडकीवर द्यायचा, कुठल्या वेळी गेलं की तिथला माणूस जागेवर सापडतो, हे वेबसाइटवर कधीच नसतं ते कळलं. छंद जुळवून बडी देतो म्हणतात ते मात्र सोडून द्या, मी 'वाचन' लिहिलं होतं आणि मिळाली ती आख्खा दिवस बॅडमिंटन कोर्टावर पडीक असलेली मुलगी. नशीब माझं, कारण ती भारी निघाली.

वेलकम वीक तर मला अज्जिबात झेपला नाही. गोल करून उभं राहा, नाव सांगा, नावाबरोबर एक ॲक्शन करा, बॉल फेका. दोनशे जणांची नावं ऐकली आणि रात्रीपर्यंत एकही लक्षात नाही. आणि खेळ संपला रे संपला की सगळे आपापल्या भाषेच्या घोळक्यात परत. त्यात वाईट काही नाही हां, दिवसभर दुसऱ्या भाषेत डोकं चालवून शिणलेल्या माणसाला संध्याकाळी आपल्या बोलीत कुणाशी तरी दोन शब्द बोलावेसे वाटणारच, त्याला 'मिसळत नाही' म्हणून नावं ठेवणाऱ्यांचा मला रागच येतो. पण मिसळण्यासाठी म्हणून जो कार्यक्रम ठेवलाय त्यातून काडीचंही मिसळणं होत नसेल तर त्यावर एवढा वेळ कशाला घालवायचा. अर्धा स्टार इथे गेला.

खरी किंमत आहे ती आठवड्याच्या एका तासाची. लायब्ररीच्या मागचं तेच टेबल, तीच वेळ, अजेंडा शून्य. आमची बडी यायची, रॅकेट टेबलावर टाकायची आणि म्हणायची, बोला, या आठवड्यात कुठे अडकलात. एकदा मी सांगितलं की वर्गात सगळे हसतात तेव्हा मी अर्ध्या सेकंदाने हसते, कारण जोक कळलेला नसतो, इतरांचे चेहरे बघून हसायचं. ती म्हणाली, "खोटं हसू नकोस, शेजारच्याला हळूच विचार काय झालं ते. सांगायला लोकांना जाम आवडतं." ऐकायला किती साधं. पण ते करायला लागले आणि बेंचवरची शेजारीण आपणहून कानात सांगायला लागली, आणि मग जोक संपल्यावर पण बोलायला लागली.

दुसरा सल्ला याहून कामाचा होता. तिने मला स्पष्ट सांगितलं, की गप्पांच्या क्लबला जाऊ नकोस, हाताला काम असलेल्या ठिकाणी जा. मी नाटकवाल्यांच्या बॅकस्टेजला गेले. तिथे भाषा येत नसली तरी चालतं, कुणीतरी वायरचं एक टोक हातात देतं, दुसरं टोक धरून स्टेजच्या पलीकडे चालायला लागतं, चिकटपट्टी दाताने तोडायची, हे धर, ते बांध, दिवा अजून वर, बास. लाज वाटायला वेळच मिळत नाही. आणि काम आटोपल्यावर सगळे पायऱ्यांवर उगाच बसून राहतात, ते बसणं सगळ्यात महत्त्वाचं.

हे मी उगाच म्हणत नाहीये. कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी नव्या जागी आलेल्या लोकांचा आणि पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास करून २०१८ मध्ये अंदाज मांडला, की नुसत्या ओळखीचा माणूस जुजबी मित्र व्हायला साधारण ५० तास लागतात, बऱ्यापैकी मित्र व्हायला ९० च्या आसपास आणि जिवलग व्हायला २०० च्या वर. त्यात परत कामात किंवा वर्गात गेलेला वेळ तितकासा मोजला जात नाही, टाइमपासचा मोजला जातो. आता हिशोब करा, आठवड्याला एक तास म्हणजे आख्ख्या सेममध्ये २० तासही भरत नाहीत. म्हणजे बडी स्वतः तुमची मैत्रीण होईल या आशेवर राहू नका, तिने तुम्हाला जिथे तास आपोआप साठतात तिथे नेऊन सोडलं की तिचं काम झालं. अमेरिकेतल्या एमआयटीच्या विद्यार्थी वसाहतीवरचा मानसशास्त्रज्ञ फेस्टिंगर आणि त्यांच्या साथीदारांचा १९५० चा अभ्यास पण तेच सांगतो, मैत्री सगळ्यात जास्त झाली ती दाराला दार लागून असलेल्यांची. त्यामुळे रूम निवडायला मिळाली तर कॉरिडॉरच्या टोकाची, शांत वगैरे, घेऊ नका. येता-जाता लोक दिसतील अशी घ्या, थोडा गोंगाट सोसा.

आता मोठी तक्रार, जिच्यापायी पूर्ण एक स्टार कापला. हा प्रोग्राम पहिल्या सेमबरोबर संपतो. सर्टिफिकेट, ग्रुप फोटो, टाटा बाय बाय. आणि नेमकी तिथूनच उतरण सुरू होते! पहिले काही महिने नवलाईत जातात, सगळे विचारपूस करतात, तुम्हालाही सगळं भारी वाटतं. मग नवलाई ओसरते, विचारणारे आपापल्या कामाला लागतात, आणि तुम्ही अजून ना इथले ना तिथले. स्वेरे लिसगार्ड या नॉर्वेच्या समाजशास्त्रज्ञाने १९५५ मध्ये अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेजियन स्कॉलरांबद्दल लिहिलंय, की ६ महिन्यांपेक्षा कमी राहिलेले बरे जुळवून घेत होते, १८ महिन्यांच्या वर राहिलेले पण बरे, आणि मधले सगळ्यात रखडलेले. सगळ्यांचं अगदी तसंच होतं असं नाही, नंतरच्या बऱ्याच संशोधकांनी या यू आकाराच्या आलेखावर शंका घेतलीय, काहींना तर पहिल्याच आठवड्यात सगळ्यात जास्त त्रास होतो. पण माझ्या आजूबाजूला तरी दुसऱ्या सेमच्या मध्यावरच जास्त जण खोलीत दार लावून बसायला लागले, आणि तेव्हा विचारायला बडी नव्हती. पूर येऊन गेल्यावर छत्री वाटतात तसं नाही, हे त्याच्या उलटं आहे, ढग दाटून आले की छत्री काढून घेतात. दर आठवड्याला नको, महिन्यातून एकदा तरी दुसऱ्या सेममध्ये भेट ठेवा ना, टेबल तेच आहे, माणसं तीच आहेत.

अजून एक. सगळं सीनियरवर अवलंबून आहे. माझ्या रूममेटचा बडी दोन भेटींनंतर गायबच झाला, मेसेजला ब्लू टिक आणि उत्तर नाही, आणि बडी बदलून मागायची सोयच नाही. शेवटी ती आमच्याच टेबलावर येऊन बसायला लागली, आमच्या बडीने हूं की चूं केलं नाही. आणि हो, कुणाची झोप उडालीय, जेवण जात नाही, सगळं सोडून घरी पळून जावंसं वाटतंय, असं काही आठवडे चाललं असेल तर ते बडीवर टाकू नका, तीही विशी-एकविशीची पोरगीच आहे. सरळ काउन्सेलरकडे जा, बडीला फार तर दारापर्यंत सोबत यायला सांगा, तेवढं ती करते.

फॉर्म शक्यतो ॲडमिशनबरोबरच भरा, नंतर जागा उरत नाहीत. छंदाच्या रकान्यात काहीही लिहा. 'इतर सूचना' असा एक रकाना शेवटी असतो, तिथे मात्र 'स्थानिक भाषा बोलणारा बडी हवा' असं स्पष्ट लिहा, आपल्याच भाषेची माणसं तुम्हाला तशीही आपोआप सापडतात.