पुरुषांच्या किमोनोचा पॅटर्न: ३२ पानांतली कामाची तीन

घरच्या प्रिंटरवर ए-४ कागदावर छापायचा, इंटरनेटवर विकत मिळणारा ‘मेन्स किमोनो’ पॅटर्न. पाचपैकी अडीच.

किमोनो म्हणजे सगळे सरळ पट्टे: अंगाचे दोन, बाह्यांचे दोन, पुढे एकमेकींवर येणाऱ्या दोन अरुंद कळ्या आणि गळपट्टी. खांद्याला शिवण नाही, बगलेला गोलाई नाही. ज्याला साधा झब्बा बेतता येतो त्याने आयत छापून घेण्यासाठी पैसे का मोजावेत? त्यात कोकणातल्या पावसात कागद सादळतो, चिकटपट्टी सुटते आणि लांब पट्ट्याची रेघ वाकडी जाते. कळीचा उतार आणि गळपट्टी ही तीन पानं तेवढी नीट आखली आहेत. ती छापावीत, बाकीचं खडूने थेट कापडावर आखावं.

कापड ‘पाच मीटर’ लिहिलंय, पन्हा किती ते नाही. जपानी किमोनोचं कापड जेमतेम ३६-३८ सेंमी रुंद असतं. आपल्या ४४ इंची सुती पन्ह्यात ३६ सेंमीचे तीन पट्टे बसतात. ५ फूट ७ इंच उंचीला तयार लांबी साधारण १४२ सेंमी. पाठ-पुढा सलग, कमरेची चूण आणि शिवणीची माया धरून अंगाचा एकेक पट्टा ३०८ सेंमी. त्या प्रत्येकाखाली १०४ सेंमीत एकेक बाही. शेजारच्या तिसऱ्या पट्ट्यात कळ्या आणि गळपट्टी निघून वर तुकडा उरतो. हिशेब ४.१२ मीटरचा, आटणं धरून साडेचार मीटर घ्या. कोरं कापड आधी रात्रभर साध्या पाण्यात भिजवून खळ काढावी. खळ राहिली तर आषाढात कपाटातच बुरशी धरते.

मोठी चूक बगलेत आहे. नमुना बायकांच्या किमोनोवरून उचललाय, त्यामुळे बगल उघडी आणि बाहीची अंगाकडची कड मोकळी. पुरुषांच्या किमोनोत बगल बंद असते. ४९ सेंमीच्या बाहीतले वरचे ४० अंगाला जोडायचे आणि खालची ९ सेंमीची कड शिवून बंद करायची. दुसरी चूक गळ्याची. गळ्याची चीर खांद्याच्या घडीमागे ३ सेंमी सरकवली आहे. ही मान उघडी दाखवायची बायकांची पद्धत, पुरुषाच्या अंगावर गळपट्टी मागे लोंबते. चीर घडीवरच, पाठीच्या मध्यापासून दोन्हीकडे ९-९ सेंमी द्यावी. पुढचं जादा कापड कापायचं नाही, गळपट्टीच्या आत दुमडून घालायचं.

कमरेची चूण तर पॅटर्नमध्ये नाहीच. पुरुषांच्या किमोनोची लांबी बायकांसारखी नेसताना कमरेशी दुमडून घेता येत नाही, चार सेंमी आखूड झाला की घोटे उघडे पडतात. आत ४ सेंमीची चूण घातली तर ती कमरपट्ट्याखाली लपते आणि कापड आटल्यावर सोडता येते.

शिवण मशीनवर चालते, पण उसवून धुवायचा असेल तर हाताने धावदोराच घाला. टाक्यापुढे २ मिमी कापड दुमडून इस्त्री फिरवली की टाका दिसत नाही.

मुखपृष्ठावरच्या चित्रात उजवी बाजू वर आहे. जपानमध्ये तसा किमोनो फक्त मृताला नेसवतात. जिवंत माणसाची डावी बाजू वर.

आणि टाचण्या रात्रभर कापडात ठेवू नका, खाऱ्या दमट हवेत सकाळी गंजाचे ठिपके उमटलेले असतात.